आयटीआर-४ भरताय? आधी रोजमेळ उघडा

किराणा, हार्डवेअर, स्टेशनरी अशा दुकानदारांचा आयकर रिटर्नचा फॉर्म म्हणजे आयटीआर-४, 'सुगम'. नावामुळे तो शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो आणि विक्रीचा आकडा अंदाजाने पडतो. खरं काम पोर्टलवर नाहीच, ते रोजमेळात आहे.

आयकर कायद्याच्या कलम ४४एडीमध्ये नफा गृहीत धरतात: रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के, यूपीआय, कार्ड, एनईएफटी किंवा अकाउंट पेयी चेकने आलेल्या विक्रीवर ६ टक्के. विक्रीची मर्यादा २ कोटी. रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. दुकानाचं भाडं, पोऱ्याचा पगार, वीजबिल, घसारा यातून पुन्हा वजा होत नाही. दलाली, कमिशन आणि एजन्सीच्या धंद्याला हे कलम लागू नाही.

आता २०२५-२६ सालचं एक दुकान घेऊ. (नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला, तरी या वर्षाचं रिटर्न १९६१ च्याच कायद्याने.) जीएसटीत कंपोझिशन, म्हणजे बिलात कर वेगळा नाही. वर्षाची विक्री ६४ लाख: बँकेत थेट आले ४४ लाख, रोख १७ लाख, ३१ मार्चला उधारी ३ लाख. त्या उधारीतले २ लाख मे महिन्यात यूपीआयने आले. रिटर्नच्या मुदतीआधी बँकेतून आलेली उधारीही ६ टक्क्यांत बसते, हे बरेच जण विसरतात. म्हणून ४६ लाखांवर ६ टक्के म्हणजे २,७६,०००. उरलेल्या १८ लाखांवर ८ टक्के म्हणजे १,४४,०००. नफा ४,२०,०००.

सगळ्यात जास्त चूक होते ती ६ आणि ८ च्या फोडीत. गल्ल्यातली रोकड दर सोमवारी चालू खात्यात भरली, म्हणून ती 'बँकेतून आलेली' होत नाही. गिऱ्हाइकाने नोटा दिल्या, तर दर ८ टक्केच. स्टेटमेंटमधली जमेची बेरीज म्हणजे विक्री, हेही खरं नाही. त्यात कर्जाची रक्कम असते, घरून आणलेले पैसे असतात, न वटलेल्या चेकची उलट नोंद असते. आणि काउंटरवरचा क्यूआर मुलाच्या किंवा बायकोच्या बचत खात्याचा असेल, तर त्या खात्याचंही स्टेटमेंट काढा. ती विक्री दुकानाचीच आहे.

मग एआयएस, म्हणजे आयकर पोर्टलवरचं तुमचं वार्षिक माहितीपत्रक, उघडा. जीएसटीत दाखवलेली उलाढाल तिथे दिसते. तो आकडा ६४ लाख नसेल तर थांबा. बहुधा मार्चअखेरची काही बिलं पुढच्या तिमाहीच्या सीएमपी-०८ मध्ये, म्हणजे कंपोझिशनच्या तिमाही विवरणात, गेलेली असतात. फरक का पडला ते कागदावर लिहून फाइलला लावा, आणि मगच फॉर्मला हात घाला.

फॉर्ममध्ये ३१ मार्चचे चार आकडे लागतात: देणं, येणं, शिल्लक माल, हातातली रोकड. वरच्या दुकानाचं येणं ३ लाख. मे महिन्यात पैसे आले म्हणून ते १ लाख होत नाही. किराणा दुकानात शिल्लक माल शून्य लिहिणं तर कुणालाच पटणार नाही. ३१ मार्चच्या रात्री फळीवरचा माल खरेदीच्या भावाने मोजून ठेवा.

नव्या करप्रणालीत इतर उत्पन्न नसेल तर ४.२० लाखांवर कर शून्य, कारण १२ लाखांपर्यंत सवलत आहे. रिटर्न मात्र भरावंच लागतं: उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे आणि विक्री ६० लाखांच्या वर. खरा नफा ७ लाख असेल तर ७ लाखच दाखवा. ६ आणि ८ टक्के ही किमान पातळी आहे, आणि उद्या दुकान वाढवायला कर्ज मागाल तेव्हा बँक हाच आकडा पाहते. जुनी प्रणाली हवी असेल तर मुदतीआधी फॉर्म १०-आयईए भरा.

कर १०,००० किंवा त्याहून जास्त बसत असेल, तर आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. चुकलात तर व्याज लागतं.

सबमिट केल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफिकेशन करा. ते उशिरा झालं तर रिटर्नची तारीखही ती उशिराचीच धरतात. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि दुकानाचा नंबर बदलला तरी आधारवर जुनाच राहिलेला असतो. तो नंबर फॉर्म भरायच्या आठवडाभर आधी तपासून घ्या.