वायपरचा बुश, ठिबकचं ग्रोमेट अन् जुन्या रेडिओचा अँटेना

झालं राजेहो, माझ्या मारुती ८०० चे वायपर चालून रायले! दोन्हीच्या दोन्ही, फास्टवर, धो-धो पाण्यात, अन् बटण बंद केल्यावर खाली जाऊन बरोबर काठाशी थांबून रायले. मागच्या वेळी वायपरचा दांडा सुटतो म्हणून लिहिलं तेव्हा ज्यांनी ज्यांनी "सोड ना भाऊ, नवीन लिंकेज (मोटरपासून वायपरपर्यंतच्या दांड्यांचा संच) घे" असं सांगितलं होतं त्यांनी हे नक्की वाचा, अन् ज्यांच्या ८०० चा वायपर अर्ध्या काचेवर जाऊन रुसतो त्यांनी तर वाचाच.

दुखणं तेच जुनं. मोटर ठणठणीत, फिरल्याचा आवाज येतो, वायपर मात्र जागचा हलत नाही. काउलच्या, म्हणजे काचेखालच्या पत्र्याच्या खोक्याच्या आत पाहावं तर लांब दांडा क्रँकवरून (मोटर फिरवते ती आखूड पट्टी) सुटून खाली लोळत पडलेला. क्रँकवर लोखंडी गोळी, दांड्याच्या टोकाला प्लास्टिकची वाटी, वाटी गोळीवर दाबून बसवलेली, एवढाच काय तो जॉइंट. वाटीचा काठ जरासा आत वळलेला असतो, गोळीला धरून ठेवायचं काम त्या काठाचं. माझी गाडी १९९८ ची, म्हणजे त्या प्लास्टिकने पंचवीसच्या वर उन्हाळे पाहिले, तेही आमच्या वरूडकडचे, जिथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अन् बाजूला इंजिनाची धग वेगळीच. काठ कडक होऊन झिजला. वरून पांदणीची धूळ, ती ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीस पॉलिश पेपरचं काम करते. स्लोवर कसंबसं चालतं, फास्टवर टाकलं की दांडा दोन्ही टोकांना पलटताना जे झटके बसतात त्यात वाटी सुटते. अन् फास्टवर आपण कधी टाकतो? ट्रक समोरून पाणी उडवत येते तेव्हाच!

बुश, म्हणजे ही प्लास्टिकची वाटी, सुटा मिळत नाही. दुकानदार म्हणतो आखी लिंकेज घ्या. घेतली होती, डुप्लिकेट, चमचम करणारी. तिच्या वाट्या एका पावसाळ्यातच ढिल्या झाल्या, गोळीचा पृष्ठभागच खरबरीत होता, नख फिरवलं तरी लागायचं. दुकानाचं नाव लिहित नाही, ज्याला कळायचं त्याला कळलं. गंमत अशी आहे की ८०० बनणं २०१४ च्या जानेवारीत बंद झालं तरी इंजिनाचं सामान आरामात मिळते, कारण तेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत होतं अन् ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. अडतं ते असल्या चिल्लर प्लास्टिकपायी.

इपॉक्सी पुट्टीची वाटी मागच्या वेळी सांगितलीच होती. गोळीला ग्रीस लावायचं, जुन्या वाटीत पुट्टी भरायची, दाबायचं, रात्रभर ठेवायचं. दिसायला एक नंबर झाली होती. पण टिकली नाही, अन् आता लक्षात आलं की ती टिकणं शक्यच नव्हतं. गोळी आत जाताना काठाला जरा फाकावं लागते अन् परत मिटावं लागते. नायलॉन फाकते, पुट्टी फाकत नाही, ती सरळ तडकते. त्यामुळे पुट्टी हे काम सोडून बाकी सगळीकडे वापरा. कुठलाही इन्स्टंट ग्लूही इथं कामाचा नाही, असले बुश बहुतेक नायलॉन नाहीतर पीओएमचे (एक गुळगुळीत कडक प्लास्टिक) असतात, पीओएमला तो धड चिकटत नाही.

एका भावाने थ्री-डी प्रिंट सुचवलं होतं. भाऊ, पीएलए, म्हणजे प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक, ६० अंशाच्या आसपास मऊ पडते. आमच्याकडे मे मध्ये दुपारी उन्हात उभ्या गाडीचं बोनेट हात लावू देत नाही, तिथं पीएलएचा बुश काय टिकंल! पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक ८० पर्यंत तग धरंल, खरं तर नायलॉनच पाह्यजे, अन् नायलॉन प्रिंट करून देणारा इकडे कुठं शोधू.

केबल टाय मात्र इमर्जन्सीला खरंच चालतो. वाटीवरून गोळीच्या मागून आडवा आवळायचा, घरापर्यंत आणून सोडते. फक्त काळे घ्या, पांढरे नाही. काळ्यात कार्बन ब्लॅक असते म्हणून ऊन झेलतात, पांढरे एका उन्हाळ्यात कुरकुरीत होऊन तुटतात.

आता खरी गोष्ट. संत्र्याच्या ठिबकचं सबमेन, म्हणजे मोठा पाइप, दुरुस्त करून रायलो होतो, हातात टेक-ऑफचं (बारीक नळी जोडायच्या तोटीचं) ग्रोमेट, पाइपाच्या छेदात ठोकून बसवायचं ते काळं रबर. ते दाबून पाहता पाहता डोक्यात आलं की गोळी अन् वाटी पाह्यजेच कायले? दांड्याला थोडं वाकडंतिकडं व्हायची सोय पाह्यजे एवढंच ना, ती रबर देते. म्हणजे गोळीच्या जागी बोल्ट, वाटीच्या जागी ग्रोमेट.

गाडीची लिंकेज कापायची नव्हती म्हणून कबाड्याकडून एक जुनी उचलली. क्रँकवरची गोळी मागून रिव्हेट केलेली असते, ग्राइंडरने रिव्हेटचं डोकं घासलं, ठोकून गोळी काढली, छेद साफ करून ५ एमएमचा बोल्ट टाकला. दांड्याच्या टोकाची प्लास्टिकची वाटी फोडून काढली की पत्र्यात गोल छेद उरते. ठिबकच्या दुकानात दांडाच घेऊन गेलो अन् छेदात घट्ट बसंल ते ग्रोमेट निवडलं. दुकानदाराने काही विचारलं नाही, दोन-चार रुपयांचा माल, एक नग पण देतो बिचारा. ऑनलाइनवाले रबर बुशचं शंभराचं पाकीट गळ्यात मारतात अन् साइज भलताच निघतो.

बोल्टाचे आटे रबराला कापतील म्हणून मधे नळी पाह्यजे. नळी सापडली जुन्या रेडिओच्या अँटेनात. ओढून लांब करायचा तो अँटेना म्हणजे एकात एक घुसणाऱ्या पितळी नळ्याच असतात, वरून क्रोम. जाड भागातला तुकडा कापला, बोल्टवर चढवला, त्यावर ग्रोमेट, वरून वायसर, वरून नायलॉक (आपोआप ढिला न होणारा) नट. चालू केलं. चाललं! अन् मग सुरू झालं किं-किं-किं. बाबा ओसरीतून म्हणाले, "काबे, हे गाडी हाय का ठिबकचा संच?"

आवाज बाजूला ठेवा, उघडून पाहिलं तर वायसरवर काळी भुकटी. रबर खाल्लं जाऊन रायलं होतं. इथं मी बराच अडकलो. बाकीच्या जॉइंटवरच्या ग्रोमेटला काहीच त्रास नव्हता, फक्त मोटरवाल्याला. कारण साधं आहे पण पाहूनच कळते: वायपरच्या बाजूचे जॉइंट इकडून तिकडे झुलतात, तेवढं रबर पिळून सहन करते. मोटरचा क्रँक मात्र पूर्ण गोल फिरतो, प्रत्येक फेरीला रबर नळीवरून आखी घसटते. ग्रीस लावावं तर साधं ग्रीस खूपशा रबराला फुगवते. सिलिकॉन ग्रीस चालते, पण तेही काही दिवसांनी निघूनच जाणार.

उत्तर त्याच अँटेनात होतं. एक नळी कशाला, दोन घ्या ना! आतली नळी बोल्टवर नटाने घट्ट आवळलेली, बाहेरची नळी ग्रोमेटमध्ये ठोकून बसवलेली, अन् फिरणं-घसटणं जे काय ते दोन नळ्यांच्या मधे, पितळेवर क्रोम, ग्रीसचा थेंब टाकून. रबराने फक्त वाकायचं, फिरायचं नाही. दोन नळ्यांच्या मधे एक बारीक पितळी पत्ती असते, ती अँटेना घट्ट राहावा म्हणून असते, ती काढून टाका, नाहीतर जाम होते. अन् आतली नळी बाहेरच्यापेक्षा केसभर लांब ठेवा, कानसीने घासून जुळवा. ती आखूड पडली तर नट आवळला की ग्रोमेट चेपते अन् मोटर कण्हायला लागते. या केसभरासाठी जितकी घासाघीस केली तितकी बाकी कशासाठीच केली नाही, पण नट फुल टाइट अन् दांडा बोटाने ढकलला की अलगद फिरतो, हे पाहायला जी मजा आली ती सांगता येत नाही.

त्यातही एक विघ्न आलंच. एका जागी टक, प्रत्येक फेरीला टक. बोल्ट गोळीपेक्षा उंच, नट आतल्या पत्र्याला लागत होता. बोल्ट उलटा केला, पत्र्याच्या बाजूला बटन हेडचा ऍलन बोल्ट, नट दुसरीकडे. टक गेला. हे करणार असाल तर आधी मोटर हाताने एक फेरी फिरवून चहूकडून फट पाहून घ्या. अन् वायपरचे आर्म लावायच्या आधी मोटर एकदा चालू करून बंद करा म्हणजे ती आपल्या पार्कच्या जागी येऊन थांबते, मग आर्म बसवा.

आमचे मिस्तरी पाहायला आले होते. म्हणे, "भाऊ, कायले एवढं डोकं लावून रायले, नवीन टाका अन् मोकळे व्हा." मग खाली वाकून बराच वेळ पाहत रायले अन् उरलेला अँटेना मागून घेऊन गेले.

टेस्टिंग बॅटरीच्या फवारणी पंपाने केली, सतत पाणी मारत. (साध्या पाण्याचा पंप, तणनाशकाचा नाही, त्याचा उरलेला अंश रंगावर अन् आपल्या अंगावर कशाला.) अन् तिथंच प्लॅन बदलला. माझी वॉशरची (काचेवर पाणी मारणारी) मोटर मेलेली आहे, ती ऑर्डर करणार होतो. पण हा पंपही १२ व्होल्टचाच की! गावात ज्याच्या त्याच्या गोठ्यात बॅटरी गेलेला पंप पडला आहे, मोटर मात्र चांगली. फ्यूज टाकून जोडली की झालं. वॉशरच्या नळ्या तर आधीच ठिबकच्या मायक्रो ट्यूबच्या केल्या आहेत, जुन्या नळ्या हात लावला की तुकडे होत होते.

बाकी थोडक्यात. दाराच्या आतल्या हँडलची तुटलेली चौकट जोडली, मागे एबीएस (प्लास्टिकचा प्रकार) लिहिलेलं होतं म्हणून जुन्या कीबोर्डच्या खोक्याचे तुकडे ऍसिटोनमध्ये विरघळवून त्याची लापशी मागून थापली, दोन दिवस वाळू दिली, आता जोड सापडत नाही. मागे पीपी लिहिलेलं असंल तर हे करू नका, ऍसिटोनने पीपीला काही होत नाही, तिथं सोल्डरिंग आयर्नने चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी आत दाबा. काच खालीवर करायच्या हँडलची स्प्रिंग क्लिप काढायला जुन्या बनियनची पट्टी मागून घासायची, क्लिप उडून बाहेर येते, डोळे सांभाळा. दाराच्या पॅनलमागचं फाटलेलं प्लास्टिक होतं तिथं मिरचीचा उरलेला मल्चिंग पेपर दुहेरी करून लावला.

आता पंपाच्या मोटरीचा एकच प्रश्न. ती डायफ्रामची (आतला रबरी पडदा हलून पाणी ढकलणारी) आहे, प्रेशर इतकं मारते की मायक्रो ट्यूब जॉइंटमधून निसटंल. कोणी हे आधी केलं असंल तर प्रेशर कसं कमी केलं ते सांगा. माझ्या डोक्यात सध्या रिटर्न लाइन आहे, मधे टी टाकून निम्मं पाणी परत बाटलीत सोडायचं, टी अन् कॉक दोन्ही घरी पडलेलेच आहेत, या रविवारी ओलित उरकलं की लावून पाहतो.