डबा ज्याचा त्याचा

नववी ब, १९८८-८९. सहामाहीच्या इंग्रजीच्या पेपरात मी 'द पोलीस हॅज कम' असं लिहिलं आणि अर्धा गुण गेला. शब्दाला 'एस' नाही, मग अनेकवचन कसं? पेपर घेऊन सरांसमोर उभा राहिलो. सरांनी विचारलं, "गावात छापा पडला की घरी जाऊन काय सांगतोस? पोलीस आला की पोलीस आले?"

"आले."

"मग इथंच का अडलास? गुरं चरतात, तसंच 'कॅटल आर ग्रेझिंग'."

गुण काही मिळाला नाही, पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधीच्या तासाला सरांनी अख्ख्या वर्गाला समूहवाचक नाम शिकवायला घेतलं. आधी सगळ्यांना हाताची घडी घालून गप्प बसवलं आणि फळ्यावर लिहिलं, 'द क्लास इज क्वाएट'. मग म्हणाले, "आता डबे काढा." चालू तासाला! अठ्ठेचाळीस डब्यांची झाकणं खडखडली. माझ्या डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी होती, शेजारच्याकडे गूळपोळी. मेथीचा वास पार फळ्यापर्यंत गेला असणार. सरांनी पहिल्या ओळीखाली लिहिलं, 'द क्लास आर ओपनिंग देअर टिफिन्स'.

"गप्प बसलात तेव्हा वर्ग एक होता. डबा मात्र ज्याचा त्याचा. आधी बघायचं, मग क्रियापद लिहायचं. आणि एकदा 'आर' लिहिलंत की पुढे 'इट्स' नाही, 'देअर'च."

आज मी इंग्रजी मजकूर तपासण्याचं काम करतो. ब्रिटिश लेखक 'द टीम आर' सहज लिहितात; क्रिकेटच्या समालोचनात 'इंग्लंड आर' आपण सगळ्यांनीच ऐकलंय. अमेरिकन संपादक तिथं बहुधा 'इज' करतो. दोघांचंही बरोबर आहे, हे पटायला मला सरांचा तो तास पुरला. पुढे अमेरिकेची राज्यघटना वाचताना तर मी थबकलोच. देशद्रोहाच्या कलमात युनायटेड स्टेट्ससाठी 'देम' आहे. गुलामगिरी संपवणाऱ्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीतही 'देअर जुरिस्डिक्शन'. आज तेच लोक 'द युनायटेड स्टेट्स इज' म्हणतात. ते वाचताना अठ्ठेचाळीस झाकणांचा आवाज पुन्हा कानात आला. सरांना हे दाखवायला हवं होतं. तोवर सर राहिले नव्हते.

यंदा आमच्या बॅचनं शाळेच्या वाचनालयाला कपाट दिलं. त्यावरची इंग्रजी ओळ लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'अवर बॅच रिमेंबर देअर टीचर्स'. रंगवणाऱ्यानं ब्रश थांबवून विचारलं, "साहेब, 'रिमेंबर'ला 'एस' राहिला का?"

म्हटलं, "नाही. आम्ही अठ्ठेचाळीस जण आहोत."