आज्जीचं वर्षश्राद्ध

आज मंगळवेढ्याच्या वस्तीवर आज्जीचं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठल्यावर बायका तिच्या बियाण्याबद्दलच बोलत बसल्या. ते लिहून ठेवतोय.

मालदांडी ज्वारीचं बी ती उभ्या पिकातूनच धरायची. काढणीआधी रानात फिरून भरलेली, बिनकिडीची कणसं हेरायची. बांधाकडेची कधीच नाही, तिथं शेजारच्या वाणाची सरमिसळ होते. कणसं वेगळी वाळवून काठीनं हलकीच बडवायची, कारण फुटक्या दाण्याला कीड आधी लागते. दाणा दाताखाली कटकन वाजेपर्यंत ऊन द्यायचं, मग रात्रभर गार होऊ द्यायचं. गरम बी मडक्यात भरलं तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. सोबत चाळलेली गोवरीची राख, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. तोंड शेणमातीनं लिंपायचं. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघायची. ७५ पेक्षा कमी उगवले तर ते बी दळणात.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते अशा बायकांनी राखलेल्या बियाण्याचंही आहे. तरी सातबाऱ्यावर आज्जीचं नाव कधी लागलं नाही. आज हे मोठ्यानं बोललं गेलं, बरं झालं.

नातवंडांना मात्र तिची शेंगाचटणी आठवते. मंद आचेवर भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ. उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो.

बियाण्याची मडकी काकूनं भरून ठेवलीत. हस्ताचा पाऊस झाला की पेरणी.