लुआंग्वाच्या काठी, एका हंगामाच्या घरात

लुआंग्वा नदीवर धरण नाही. पूर्व झांबियाच्या सपाट खोऱ्यातून ती वळणं घेत वाहते आणि शेवटी झांबेझीला मिळते. दर पावसाळ्यात ती काठ खाते, पात्र बदलते, आणि जुनं वळण तुटलं की तिथे चंद्रकोरीच्या आकाराचा डोह मागे सोडते. अशा नदीच्या कडेला पक्कं बांधकाम कोण करणार? म्हणून साउथ लुआंग्वा नॅशनल पार्कच्या आतले छोटे बुश कॅम्प गवत, बांबू आणि लाकूड वापरूनच बांधतात. पावसानंतर रस्ते वाळले की कॅम्प उभा राहतो आणि नोव्हेंबरमध्ये पुढचा पाऊस यायच्या आत उतरवला जातो. आम्ही अशाच एका कॅम्पात ऑक्टोबरमध्ये राहिलो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, नदी सगळ्यात बारीक झालेली असताना.

राजधानी लुसाकाहून छोट्या विमानाने मफुवे तासाभरात येतं. तिथला पूल ओलांडला की पार्क सुरू, आणि पुढे मोपानेच्या रानातून मातीच्या रस्त्याने बराच वेळ उघड्या जीपमधला प्रवास. या पट्ट्यात त्सेत्से माशा फार. त्यांना गडद निळा आणि काळा रंग आवडतो. झाडांना जागोजागी टांगलेले निळे-काळे, औषध लावलेले कापडी सापळे दिसतात ते त्यासाठीच. कपडे खाकी किंवा मातकट रंगाचेच न्या, निळी जीन्स अजिबात नको.

कॅम्प म्हणजे मोजक्या झोपड्या, जेवणासाठी एक मोकळी शेड आणि नदीच्या कडेला मांडलेल्या खुर्च्या. झोपडीच्या भिंती गवताच्या, जमिनीवर वाळू, मच्छरदाणी लावलेला पलंग. न्हाणीघराला छप्पर नाही. संध्याकाळी चुलीवरचं गरम पाणी बादलीत भरून दोरीने वर चढवतात, खाली झारी असते, तोटी फिरवायची. त्या पाण्याला लाकडाच्या धुराचा वास असतो आणि डोक्यावर सगळं आकाश असतं. दिवसभराची धूळ अंगावरून उतरत असताना आणखी काही हवंसं वाटलं नाही. कॅम्पाला कुंपण नाही, त्यामुळे अंधार पडल्यावर एकट्याने झोपडीबाहेर पडायचं नाही. कॅम्पमधलं कोणीतरी टॉर्च घेऊन सोडायला येतं.

सफारी म्हटलं की जीपमधून सिंहाच्या मागे धावणं डोळ्यांसमोर येतं. माझं मत आता पक्कं झालंय की या कॅम्पातला सगळ्यात भरगच्च वेळ दुपारचा. पारा चाळिशीच्या आसपास, बाकीचे पाहुणे झोपलेले आणि समोर नदी. आटलेल्या पात्रातल्या एकेका खोल जागी पाणघोडे पाठीला पाठ लावून बसलेले असतात. या नदीइतकी पाणघोड्यांची दाटी आफ्रिकेत क्वचितच कुठे आहे. कोणी दुसऱ्याला ढोसलं की जबडे उघडतात, पाणी उडतं, घुरघुर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते आणि पुन्हा सगळे थंड. उन्हात त्यांच्या कातडीवर लालसर स्राव येतो, लांबून रक्तच वाटतं. तो कातडीचं उन्हापासून रक्षण करतो. अंधार पडला की हीच जनावरं एकेक करून काठावर चढतात आणि रात्रभर चरतात. आमच्या झोपडीमागे एक यायचा. गवत खुडण्याचा आवाज इतका जवळून ऐकू यायचा की मी श्वाससुद्धा हळू घ्यायचे.

पण माझं मन अडकलं ते समोरच्या दरडीत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथे कार्माइन बी-ईटर येतात. आपल्या वेड्या राघूच्याच कुळातला पक्षी, पण आकाराने मोठा, अंग गडद गुलाबी-लाल आणि डोकं निळसर-हिरवं. नदीने कापलेल्या उभ्या दरडीत ते एक-दीड मीटर खोल बोगदे खणतात आणि आत अंडी घालतात. शेकडो भोकं, प्रत्येकाच्या तोंडाशी ये-जा. दुर्बीण लावली की चोचीतला चतुर दिसतो, पायांनी मागे उडवलेली माती दिसते, शेजाऱ्याशी जागेवरून चाललेलं भांडण दिसतं. मधेच फिश ईगलची सावली पडली की सगळा थवा एकदम दरडीवरून सुटतो. गाइडने सांगितलं की त्यांना ताजी, उभी कापलेली दरड लागते. जुनी दरड ढासळून उतरती झाली की शिकारी वर चढू शकतात. म्हणजे पुराने काठ तोडला नाही तर या पक्ष्यांना घर नाही. हे ऐकल्यावर नदीच्या त्या सगळ्या पडझडीकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. धरण झालं तर पूर थांबेल, आणि मग या दरडी कोण कापणार?

सकाळी पायी निघायचो. भारतातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांमध्ये जीपमधून पाय खाली ठेवायची सोय नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी मला हे खरंच वाटेना. पुढे राष्ट्रीय उद्यान विभागाचा बंदूकधारी स्काउट, मागे गाइड, मग आम्ही एका रांगेत, आणि शेवटी चहाचं सामान घेतलेला माणूस. अशी चालत सफारी वन्यजीव संरक्षक नॉर्मन कार यांनी याच खोऱ्यात रुजवली. 1950 मध्ये त्यांनी कुंडा समाजाच्या नसेफू प्रमुखांबरोबर मिळून पाहुण्यांसाठी कॅम्प काढला आणि त्याची मिळकत गावाकडे जाईल अशी व्यवस्था केली. त्या काळात हा विचार फारसं कोणी करत नव्हतं, म्हणून मला त्याचं फार मोल वाटतं.

चालताना मोठी जनावरं कमी दिसतात आणि बाकी सगळं जास्त. हाडं खाऊन पांढरी पडलेली तरसाची विष्ठा. सॉसेज ट्रीखाली रात्री गळलेली लालभडक फुलं आणि ती वेचणारी पुकू हरणं. पावसाळ्यात चिखलात रुतलेली हत्तींची पावलं आता वाळून कडक झालेली, त्यात पाय मुरगळायला वेळ लागत नाही. गाइडच्या हातात राखेची पुरचुंडी असे. ती झटकली की वारा कुठे वाहतोय ते कळतं. एकदा हत्तिणींचा कळप पिल्लांसह नदीकडे निघाला होता. आम्ही वारुळाच्या आड उभे होतो. राख आधी आमच्याकडे येत होती, मग वारा फिरला. पुढच्या हत्तिणीने सोंड वर करून आमच्या दिशेला वळवली, कान पसरले. गाइडने हात मागे करून बोटांनी खूण केली आणि आम्ही न वळता एकेक पाऊल मागे सरलो. ती बराच वेळ तशीच उभी राहिली, मग पिल्लाला पुढे घालून उतरली.

गेंडा मात्र इथे दिसणार नाही. एकेकाळी या खोऱ्यात काळे गेंडे भरपूर होते, शिंगांसाठी सगळे मारले गेले. झांबियाने 1998 मध्ये काळा गेंडा देशातून नामशेष झाल्याचं जाहीर केलं. 2003 पासून नॉर्थ लुआंग्वामध्ये ते पुन्हा आणून सोडले आहेत, तिथे त्यांचा जम बसतोय.

जायचं असेल तर पक्ष्यांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. ऊन सोसत नसेल तर जून-जुलै, पण तेव्हा पहाटे जीपमध्ये चांगलीच थंडी वाजते आणि दरडी रिकाम्या असतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करा. छोट्या विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते आणि मऊ बॅगच चालते. कपडे कमी करा, दुर्बीण घ्याच. आणि हाताशी असलेले दिवस तीन-चार कॅम्पांमध्ये वाटून टाकू नका. एकाच काठावर राहा, आणि दुपारी झोपू नका.