साताऱ्यात पॉपी फुलवताना

पॉपीचं बी दिवाळीच्या आधी टाकू नये, हे माझं आता ठाम मत झालंय. ऑक्टोबरात कासचा हंगाम आटोपतो, आपल्यालाही बागेत काहीतरी फुलवायची हुक्की येते, पण तेव्हा साताऱ्यात दुपारचं ऊन चांगलंच तापलेलं असतं आणि एखादी चुकार सर हमखास येते. हे बी उगवायला साधारण १५ ते २० अंशांचा गारवा लागतो. त्यामुळे शाहूपुरीतल्या आमच्या वाफ्यात मी ते नोव्हेंबरात, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटायला लागली तेव्हा टाकलं.

त्याआधी बियाणं निवडायलाच वेळ गेला. दुकानात मिळालेल्या पाकिटावर नुसतं 'पॉपी मिक्स' लिहिलं होतं. कुठली पॉपी, ते दुकानदारालाही सांगता येईना. मी ते परत ठेवलं. कारण पॉपीच्याच कुळात अफूचं झाड येतं, आणि 'पिओनी पॉपी' किंवा 'ब्रेडसीड पॉपी' म्हणून ऑनलाइन विकलं जातं ते अफूच असतं, फक्त शोभेच्या फुलाचं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं अफूच्या लागवडीला बंदी आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागात केंद्राचा परवाना घेतलेले शेतकरीच ती करू शकतात. 'आम्ही फुलांसाठी लावली' म्हणून सुटका नाही. खसखस म्हणजे अफूचंच बी, त्यामुळे अनारशाला आणलेली खसखस गंमत म्हणून कुंडीत टाकायची हौसही नको.

शेवटी मी शर्ली पॉपी आणि थोडी कॅलिफोर्निया पॉपी घेतली. ओरिएंटल पॉपीचे फोटो बघून तिच्यावर जीव जडला होता, पण तिला कडाक्याची थंडी लागते. आपल्या हवेत तिचा नाद नको. शर्लीची जात इंग्लंडमधल्या शर्ली गावच्या विल्यम विल्क्स या पाद्र्यानं निवडून तयार केली. १८८० च्या सुमारास त्याला रानातल्या लाल पॉपींमध्ये पांढऱ्या कडेचं एकच फूल दिसलं. त्याचं बी धरून तो वर्षानुवर्षं निवड करत राहिला आणि पाकळीच्या बुडाचा काळा डाग त्यानं घालवला.

आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि पॉपीला ओले पाय अजिबात चालत नाहीत. वाफा थोडा उंच केला, मातीत जाडसर वाळू आणि जुनं गांडूळखत मिसळलं. खत बेतानंच. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि दांडे लोळतात. कॅलिफोर्निया पॉपी कंपाउंडलगतच्या नुसत्या मुरुमात टाकली, तिथे ती मजेत वाढली.

शर्लीचं बी खसखशीपेक्षाही बारीक. कोरड्या वाळूत मिसळून, आधीच भिजवलेल्या वाफ्यावर भुरभुरलं आणि वरून फळीनं हलकं दाबलं. शर्लीच्या बियाला उगवायला उजेड लागतो, म्हणून वर माती घातली नाही. मोकळ्या भुसभुशीत मातीवर गल्लीतल्या मांजरांचा डोळा असतोच. बोरीच्या काट्या आडव्या टाकल्यावर त्यांनी नाद सोडला. पाणी झारीनं, तेही सकाळी. तरी सावलीकडच्या कोपऱ्यातली रोपं मर लागून बुडाशी कोलमडली. तिथलं पाणी तोडलं आणि बाकीची वाचली.

विरळणी मात्र मन घट्ट करूनच करावी लागते. हिरवीगार लव उगवलेली असते, त्यातली बहुतेक रोपं काढायची! दोन रोपांत वीतभर तरी अंतर हवं. जास्तीची रोपं मी उपटली नाहीत, छोट्या कात्रीनं बुडाशी कापली, म्हणजे शेजारच्या मुळाला धक्का लागत नाही. हिचं मूळ सरळ खाली जातं आणि जागा बदललेली तिला सोसत नाही. ट्रेमध्ये रोपं करून लावायला लोक सांगतात. ते झेंडूला ठीक आहे.

जानेवारीत कळ्या आल्या आणि शेजारचे आबा कंपाउंडवरून डोकावले. "काय गं, ही अफू न्हाय न्हवं? पोलीस येतील दारात!" त्यांना आत बोलावून पानं दाखवली. अफूचं पान राखट हिरवं, गुळगुळीत, दांड्याला मिठी मारून बसलेलं असतं. आमच्या शर्लीची पानं कातरलेली आणि दांड्यावर खरखरीत लव. आबांनी दांड्यावरून बोट फिरवून बघितलं. मग मी त्यांना सांगितलं, आपल्या रस्त्याकडेचा पिवळा धोतरासुद्धा याच कुळातला. "त्यो इखारी!" म्हणाले. खरंच आहे, त्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळल्यानं माणसं दगावली आहेत.

या फुलाची खरी मजा उमलण्यात आहे. लवदार कळी आधी मान खाली घालून लोंबते. उमलायच्या सुमारास दांडा ताठ होतो. सकाळी कळीचं दोन फाकांचं हिरवं टोपण सुटतं, खाली पडतं, आणि आतून पतंगाच्या चुरगळलेल्या कागदासारख्या पाकळ्या बाहेर येतात. ऊन लागेल तशी एकेक सुरकुती जाते. तेवढ्यात सातेरी मधमाश्या हजर. या फुलात मध नसतो, त्या परागासाठीच येतात. दोनेक दिवसांत पाकळ्या गळतात. बोंड धरायच्या आत फूल खुडलं की नव्या कळ्या येत राहतात. फुलदाणीत ठेवायचं तर रंग दिसू लागलेली कळी तोडावी आणि दांड्याचं टोक क्षणभर ज्योतीवर धरावं, म्हणजे मान टाकत नाही.

फेब्रुवारीत मावा आला. निंबोळी तेलाची फवारणी केली, पण संध्याकाळी, माश्या गेल्यावर.

बियांसाठी थोडी बोंडं राखली. ती तपकिरी झाली की टोपीखाली बारीक भोकं उघडतात. त्याच्या आधीच दांड्यासकट कापून कागदी पिशवीत उलटी टांगली. आबांनीही बी मागितलंय. मार्चचं ऊन चढल्यावर झाडं वाळली, आणि सासूबाईंनी तो वाफा गवारीसाठी केव्हाच हेरून ठेवला होता.