तुम्ही विचारलंत म्हणून: "आता तरी तक्रार कराल ना?"

नौपाड्यात भाजी घेताना, कोणाच्या लग्नात, गणपतीत, भेटेल तो एकच विचारतो: "साहेब, लोकायुक्तांचा नवा कायदा झाला, आता तरी त्या नाल्याच्या कामाची तक्रार करा." एकदाच लिहून टाकतो.

लोकायुक्त म्हणजे भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करणारी राज्याची यंत्रणा. नवं विधेयक विधानसभेत डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं, विधान परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये. मुख्यमंत्रीही कक्षेत आले. १९७१ चा कायदा शिफारशीपुरता होता, त्यामानाने हे मोठं पाऊल. पण माझ्या कामात कोणी पैसे खाल्ले, असं मी म्हणूच शकत नाही. मग तक्रार कशाची करू?

मी तेव्हा एका महापालिकेत उपअभियंता होतो. नाल्याच्या भिंतीची निविदा. सर्वांत कमी दराचा ठेकेदार लहान, नवखा. दुसऱ्या क्रमांकावर, ठेके मंजूर करणाऱ्या स्थायी समितीतल्या एका नगरसेवकाच्या मेव्हण्याची फर्म. मला नातं माहीत होतं, अख्ख्या खात्याला माहीत होतं. वरून निरोप आला, "कागद नीट बघा." मी बघितले. लहान ठेकेदाराचा अनुभवाचा दाखला अपुरा निघाला, तशी टिपणी लिहिली. समितीत नगरसेवक बसले होते, उठून बाहेर गेले नाहीत. प्रस्ताव मंजूर. भिंत चांगली बांधली, मोजमाप पुस्तकात एक इंच खोटा नाही. आठवड्याने तो ठेकेदार माझ्या टेबलासमोर उभा राहिला. "साहेब, दाखला कमी होता की मी कमी होतो?" एवढंच विचारलं. मी चहा मागवला. त्याने तो घेतला नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम १० वाचून बघा. नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदाराचा, थेट वा अप्रत्यक्ष, महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असेल तर पद जातं. मेव्हण्याचा उल्लेख नाही. बेकायदा बांधकामाच्या बाबतीत मात्र तेच कलम जोडीदार आणि अवलंबितांपर्यंत पोचतं. म्हणजे घरची माणसं कायद्याला दिसतात, ठेक्याच्या वेळी तेवढी दिसत नाहीत. राज्यसभेत नियम २९३ प्रमाणे सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही असते. तशी नोंदवही प्रत्येक स्थायी समितीच्या टेबलावर असावी, आणि नातं असलेल्याने त्या विषयापुरतं उठून जावं, एवढंच माझं मागणं आहे. पैसे कोणी घेतले हा प्रश्न नंतरचा. निर्णय कोणासाठी घेतला हा आधीचा.

तेव्हाचा मी म्हणायचा, नियमात नाही ते मी का ठरवू? आजही त्याला पुरं उत्तर देता येत नाही. फाइल अडवली असती तर बदली झाली असती. मुलीचं दहावीचं वर्ष होतं. हे कारण आहे की सबब, ते माझं मलाच कळत नाही.

त्या टिपणीची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे, माझ्याच अक्षरातली. दाखला खरंच तीन महिन्यांनी कमी होता.