जॉर्ज हॅलस: खेळाडू, प्रशिक्षक, मालक
१९२० साली अमेरिकेतल्या डेकाटर शहरातल्या स्टेली स्टार्च कंपनीने हॅलसवर अमेरिकन फुटबॉलचा संघ उभारायची जबाबदारी टाकली. पुढच्याच वर्षी कंपनीने हात आखडता घेतला. हंगामभर आपलं नाव राहावं म्हणून ५,००० डॉलर दिले आणि हॅलसने संघ शिकागोला नेला. १९२२ पासून तोच ‘बेअर्स’.

खेळाडू म्हणूनही तो कमी नव्हता. पण त्याचं खरं मोठेपण मला टी-रचनेत, म्हणजे चढाई करणाऱ्या खेळाडूंच्या ‘T’ आकाराच्या मांडणीत, दिसतं. डाव चालवणारा क्वार्टरबॅक हा चेंडू मागे देणाऱ्या ‘सेंटर’च्या अगदी मागे, चेंडू थेट हातात. त्याच्या मागे चेंडू घेऊन धावणारे तीन बॅक. त्यातला एक डाव सुरू होण्याआधीच आडवा धावू लागतो, बचावफळी तिकडे सरकते, दुसरीकडे वाट मोकळी होते. हुलकावणीची वेळ क्षणभर चुकली तर मात्र डाव फसतो. १९४० च्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात बेअर्सची ती चुकली नाही: वॉशिंग्टनविरुद्ध ७३-०!